आंजर्ले : रानाशी बदलत गेलेला शेजार

दापोली तालुक्याच्या पश्चिम कडेला जोग नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेला आंजर्ले वसले आहे, तर दक्षिणेला पाजपंढरी आणि हर्णै बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, गावाच्या माथ्यावर कड्यावरचा गणपती. देऊळ मुळात किनाऱ्यावर होते, समुद्र पुढे सरकला तसा देव कड्यावर गेला, असे गावात सांगतात. त्याचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळात झाल्याचे मानले जाते. समुद्राकडून डोंगराकडे निघाले की आधी वाळूची पुळण लागते, मग नारळी-पोफळीची आगरे, आगरांच्या सावलीतली घरे, त्यामागे जांभ्याचा चढ आणि सर्वांत वर सडा. खाडीच्या अंगाला खाजण आणि कांदळवन पसरले आहे. दोन-तीन किलोमीटरांच्या टप्प्यात इतक्या तऱ्हेची जमीन असल्याने प्राणीही तितक्याच तऱ्हांचे आहेत. पुळणीवर समुद्री कासवे आणि हिवाळी पाहुणे पक्षी येतात, कांदळवनात खंड्या आणि बगळे, आगरात वटवाघळे आणि वानरे, तर डोंगरावर रानडुक्कर, भेकर, साळिंदर आणि अधूनमधून बिबट्या.

यातल्या एकाही प्राण्यासाठी इथे अभयारण्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल फार थोडे आहे, आणि याचे मूळ जमीनधारणेच्या इतिहासात सापडते. खोती पद्धतीत डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि तिच्यावरची झाडे खोतांच्या व कुळांच्या हातात राहिली. ब्रिटिश वनखात्याने ठाणे किंवा कारवार भागात जंगले ताब्यात घेतली, तसे इथे फारसे घडले नाही. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण जमीन खासगीच राहिली. सामायिक म्हणावे असे दाट रान उरले ते देवरायांपुरते. म्हणून आंजर्ल्याच्या आसपासचे वन्यजीवन नेहमीच कुणाच्या तरी सातबाऱ्यावर राहत आले आहे. जमिनीचा धनी कोण, तो गावात राहतो की मुंबईत, आणि तो जनावराकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावरच त्या जनावराचे बरेचसे भवितव्य ठरत गेले.

एकोणिसाव्या शतकातली नजर सरकारी कागदांत नीट दिसते. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर १८८० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुलकी सेवेतले अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी छापली. या किनाऱ्यावरचे पक्षी निव्वळ पक्षी म्हणून मोजणारा हा पहिला मोठा दस्तऐवज म्हणता येईल. पण याच विडालची दुसरी नोंद वाचली की चित्र बदलते. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी कुप्रसिद्ध होता आणि मारलेल्या प्रत्येक फुरशामागे सरकार बक्षीस देत असे. बक्षीस चालू असलेल्या सहा वर्षांत दरवर्षी सरासरी दोन लाखांवर फुरशी मारली गेली, असा हिशेब विडालने दिला आहे. जांभ्याच्या सड्यावर, गडग्यांच्या फटींत आणि भाताच्या पेंढ्याखाली हा हातभर लांबीचाही नसलेला साप असे, आणि गवत कापणाऱ्या बाईच्या हाताला चावे. यादी करणारा साहेब आणि बक्षिसासाठी साप आणणारा कुणबी हे दोघे एकाच जिल्ह्यात, एकाच काळात प्राणी मोजत होते. फक्त एकाची मोजणी जिवंत प्राण्यांची होती आणि दुसऱ्याची मेलेल्यांची.

गावाचा रानाशी संबंध प्रामुख्याने उपयोगाचा आणि राखणीचा होता. भातशेतीआधी भाजवळ करण्यासाठी, म्हणजे जमीन भाजण्यासाठी, डोंगरावरच्या झाडांचे टाहाळे तोडले जात. पावसाळ्यात भात आणि वरकसावरची नाचणी-वरी पोटरीला आली की रानडुकरे हाकलायला शेतात माळे उभे राहत आणि रात्रभर पत्र्याचे डबे वाजत. शिमग्याच्या दिवसांत गावकरी मिळून पारधीला जात. ठासणीच्या बंदुका, कुत्री आणि हाकारे असा तो सरंजाम असे, आणि मारलेल्या जनावराचे वाटे ठरलेल्या रीतीने पडत. कासवाची अंडी हाही हंगामी खाऊच होता. मादी वाळूवर आपल्या वल्ह्यांच्या खुणा सोडून जाते. त्या पहाटे ओळखू येत, काठीने वाळू टोचून घरटे सापडे, आणि शंभरेक अंडी टोपलीत जात. जे माणसाच्या हाती लागत नसे ते कोल्ह्या-कुत्र्यांना मिळे. यात क्रूरता शोधणे अनाठायी आहे. थोडे भात, थोडे मासे आणि मनीऑर्डर यांवर चालणाऱ्या गावात अंडी ही खायची वस्तू होती, पाहायची नव्हे.

मनीऑर्डर येत होती मुंबईहून. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला गिरणी कामगार, गडी, स्वयंपाकी, कारकून, शिक्षक आणि पोलीस पुरवले. आंजर्ल्याला लागून असलेल्या मुर्डीतून तर विद्वानही गेले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ साली तिथला, आणि कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा १९१३ सालचा. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली आणि शहरात बसून आयुष्यभर याच पट्ट्यावर लिहीत राहिले. जाण्या-येण्याचा मार्ग समुद्राचा होता. आगबोट हर्णैच्या बाहेर खोल पाण्यात थांबे, उतारू पडावात उतरत आणि किनारा गाठत. आंजर्ल्याला पोचायला पुढे खाडीची तर. खाडीवर पूल बऱ्याच उशिरा आला.

गावात माणसे उरली ती बहुतेक बायका, म्हातारे आणि मुले. जिल्ह्यातले हे स्त्री-पुरुष प्रमाण एकविसाव्या शतकातही दिसते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येई. त्याला गावाकडचे वन्यजीवन ठाऊक होते, पण त्याचा आनंद जिभेवाटे घेतला जाई: पावसाळी कुर्ल्या, खाडीतली कालवे, डोंगरावरची करवंदे. मे अखेरीस झाडांवर लुकलुकणारे काजवे मुलांनी बाटलीत भरावेत, इतपतच निव्वळ गंमत. पाखरू पाहण्यासाठी पाखरू पाहणे ही गोष्ट कुणी करत नव्हते असे नाही. पण तिला वेळ काढून, प्रवास करून करण्याचे काम म्हणून मान्यता नव्हती.

तशी मान्यता मुंबईत हळूहळू तयार झाली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. या संस्थेच्या परंपरेतूनच शहर सोडून कोकणकिनाऱ्यावर राहायला गेलेल्या आणि तिथल्या प्राण्यांत रमलेल्या माणसाचे सर्वांत ठळक उदाहरण मिळते. सालिम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी उरली नव्हती. शहरात राहणे परवडेना, म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर तिच्यासमोर बसून त्यांनी नोंदले की नर खोपा अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तरच नर तो पुरा करतो, आणि एका मादीची सोय झाली की दुसऱ्या खोप्याला लागतो. सुगरणीच्या वीणीबद्दलचा हा निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि त्यांचे नाव झाले. आजही पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत तो नोंदला जातो. बेकारीतून घडलेले हे काम अभ्यासकाचे होते. राहायला घराची सोय, दुर्बीण आणि सोसायटीचा आधार नसता तर ते झाले नसते. किहीमच्या शेतकऱ्याला तोच सुगरण दाणे टिपणारा पक्षी होता.

अशा आनंदासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जीव सुरक्षित असणे. फुरशाच्या विषावर उतारा देणारी लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळू लागली तेव्हा सापाची भीती निम्मी झाली. विंचवाचे तसेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले दगावत. १९७६ पासून महाडजवळ बिरवाडी येथे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्यांच्या हृदयावर होणाऱ्या परिणामांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून मृत्यूचे प्रमाण फार खाली आणले. निसर्गप्रेमाच्या इतिहासात या गोष्टी सहसा लिहिल्या जात नाहीत. पण चपलेत विंचू असण्याच्या भीतीने झोपणाऱ्या घरात रातकिड्यांचे संगीत कुणी ऐकत नाही.

जमिनीचे रूपही दरम्यान पालटत गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कायमचे गावी आले. त्यातले बरेच पुन्हा गेले, मुलांना तर गावात ठेवलेच नाही. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा-काजूच्या कलमांचे शास्त्र दिले. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस डोंगर कलमांनी भरले. दुसरीकडे भातशेती सुटत गेली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई आणखी जवळ आली. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर घसरली. राज्यात बहुतेक ठिकाणी लोकसंख्या वाढत असताना इथे घरांना कुलुपे लागत होती. भाजवळीसाठी तोडली जाणारी झाडे वाढली, पडीक मळ्यांत झुडपे माजली, माळ्यावर जागणारे कुणी उरले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारधही बेकायदा ठरवली होती. रानडुकरे आणि वानरे वाढल्याची तक्रार याच काळात जोर धरू लागली, ती उगाच नव्हे. जनावरांना रान मिळाले होते आणि शेजारी कलमांचे खाद्य.

कासवांच्या बाबतीत वळण आले ते आंजर्ल्याच्या उत्तरेला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाच्या पुस्तकांत आधीच होते. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून कोकणात काम करत होती. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत असताना २००२ साली वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशीत दोन गोष्टी कळल्या. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे इथे नियमित अंडी घालतात, आणि जवळजवळ सगळी अंडी खणून नेली जातात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे, याचा किनाऱ्यावर पत्ताही नव्हता.

कायदा दाखवून धाक घालता आला असता. संस्थेने अंडी शोधण्याची जुनी कला ज्यांच्याकडे होती त्यांनाच पहाटेच्या गस्तीला लावले. काठी तीच राहिली. घरटे सापडले की अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर, साधारण दीड फुटावर, तशाच सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात पुरायची आणि त्यावर तारीख लिहिलेली पाटी लावायची. पिल्ले बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेनुसार मागेपुढे. नर की मादी हेही उष्णताच ठरवते: वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक. म्हणून हॅचरीची जागा आणि सावली हा बारकाईचा विषय आहे. मुदत भरत आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्ले नेऊन थेट पाण्यात सोडत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूत ठेवून त्यांना स्वतः चालू देतात. जन्माच्या किनाऱ्याची ओळख याच चालीत पटते आणि मोठी झालेली मादी तिथेच परतते, असे मानले जाते.

२००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरीच राहायचे, घरचे जेवायचे, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जायचे, एवढाच त्याचा आराखडा. पुढे आंजर्ल्यानेही तो उचलला. इथे हॅचरी, गस्त घालणारे कासवमित्र आणि महोत्सव यांची घडी बसली, आणि वनखात्याने, विशेषतः २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने, किनारपट्टीवरच्या संवर्धनाची जबाबदारी घेतली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईची कुटुंबे पहाटेच्या अंधारात दोरीमागे उभी राहतात आणि तळहातावर मावणारे पिल्लू लाटेत शिरेपर्यंत बोलत नाहीत. निदान बोलू नये अशी अपेक्षा असते. टोपलीखाली त्या दिवशी काहीच निघाले नाही तर पाहुणे रिकाम्या हाताने परततात. तारीख ठरवून देता न येणारा हा कार्यक्रम विकणे सोपे नाही. तरी तो टिकला.

आंजर्ल्याचे आगळेपण यात की इथे कासवासाठी आलेला माणूस पुष्कळदा पुन्हा येतो, आणि काही जण घरच घेतात. जुन्या आगरांतली बंद घरे दुरुस्त झाली, डोंगरउतारावर चिऱ्याचे बंगले उठले. निवृत्त चाकरमानी वडिलांच्या घरी परतला तोही याच काळात. दापोली परिसराला निवृत्तांचे वावडे कधीच नव्हते. कंपनी सरकारच्या काळात इथल्या कॅम्पात जुन्या सैनिकांची पलटण होती, आणि सुभेदार रामजी सकपाळ १८९४ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीलाच राहिले होते. पण ती माणसे हवा आणि पेन्शन पाहून येत. नव्याने राहायला येणाऱ्याच्या ओसरीवर दुर्बीण आणि पक्ष्यांचे पुस्तक असते.

त्याला वर्षभर दिसणारे पंचांग भरगच्च आहे. ऑक्टोबरअखेर कुरव पक्ष्यांचे थवे हर्णै-आंजर्ल्याच्या पुळणीवर उतरतात आणि मासळीच्या लिलावाभोवती घिरट्या घालतात. त्यांच्यासोबत सुरय, तुतवार, चिखल्ये येतात आणि मार्चपर्यंत राहतात. समुद्र शांत असताना डॉल्फिनच्या पाठी किनाऱ्यावरूनही दिसतात. वड-उंबर पिकले की धनेशाच्या पंखांचा फडफडाट दुरून ऐकू येतो. मे महिन्यात नवरंग शीळ घालू लागतो, आणि पहिल्या पावसात सड्यावरच्या डबक्यांत बेडकांचा गजर उठतो. गावात जन्मलेल्या माणसालाही यातले सगळे ठाऊक असते. त्याला नावे छापील पुस्तकातली येत नसतील, पण धनेश कोणत्या झाडाच्या ढोलीत बसतो हे तोच दाखवतो, आणि हल्ली त्याबद्दल त्याला मोबदलाही मिळतो.

या नव्या आवडीने उपद्रवही आणला. अंडी घालायला येणारी मादी उजेडाला बिचकते, आणि पिल्ले ज्या दिशेला क्षितिज उजळ तिकडे चालतात. समुद्राला तोंड करून लावलेला बंगल्याचा दिवा त्यांना आगराकडे ओढतो. वाळूवर गाड्या पळवण्याची हौस घरट्यांच्या मुळावर येते. जांभ्याच्या उंच, सलग भिंतीने साळिंदराची वाट बंद होते. जुना गडगा ती बंद करत नव्हता. १९९१ पासूनच्या किनारा नियमन अधिसूचनांनी भरतीरेषेजवळच्या बांधकामाला मर्यादा घातल्या, पण डोंगरउतार त्या मर्यादेबाहेर राहतो. वानरांचा प्रश्न तर दोन शेजाऱ्यांत फूट पाडतो. नारळाचे कोवळे फळ आणि आंब्याचा मोहोर गमावणारा बागायतदार त्यांना हाकलतो. पलीकडच्या बंगल्यात त्यांना केळी मिळतात. या भांडणात बागायतदाराचे म्हणणे अधिक वजनदार आहे. केळी देणाऱ्याचे घर वानरांवर अवलंबून नसते, बागायतदाराचे वर्ष असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडच्या आगरांतून गेले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली माडा-पोफळीची झाडे एका दिवसात आडवी झाली. पोफळीच्या दाट सावलीवर जगणारी मसाल्याची पिके आणि पाखरे दोन्ही उघडी पडली. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे त्या वेळी कितीतरी चाकरमानी गावातच होते. पडलेली झाडे तोडून वाटा मोकळ्या करायला तेच हात कामी आले. नवी पोफळ उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे ज्यांच्याकडे पाहुण्यांना द्यायला खोली होती त्यांना कासवांच्या हंगामाचे उत्पन्न अधिकच महत्त्वाचे झाले.

जानेवारी २०२२ मध्ये कांदळवन कक्ष आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंना प्रथमच उपग्रह टॅग लावले. वेळासच्या पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’, आंजर्ल्याला टॅग केलेल्या दुसरीचे ‘सावनी’. नंतर गुहागरला आणखी तिघींना टॅग लागले. प्रथमा गुजरातच्या दिशेने गेली, गुहागरची रेवा कर्नाटकाकडे. एकाच किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या माद्या समुद्रात वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे यातून दिसले. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री श्रीलंकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. त्यानंतर उलट बाजूचा पुरावा मिळाला. २०२१ साली ओडिशात पंखाला धातूची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. तिचा प्रवास सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा धरला जातो. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांपासून तुटलेली आहेत, हा समज त्यामुळे ढिला झाला. ती पट्टी पाहिली गेली, कारण त्या किनाऱ्यावर रात्री गस्त होती. वेळासपासून आंजर्ले, दाभोळ, गुहागर आणि पुढे राजापूरच्या माडबनपर्यंत ही गस्त नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि शेवटचे घरटे फुटेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत चालते. त्या वेळेपर्यंत पाहुणे आंब्यासाठी येऊ लागलेले असतात.